लिनक्स बूट होत नाही? कर्नलपाशी अडकलेलं मशीन परत उभं करण्याची पद्धत

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि लॉगिनच्या जागी काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक' उमटलं, की लिनक्सवर नव्याने आलेली बहुतेक माणसं थेट पुन्हा इन्स्टॉल करायला निघतात. तो सगळ्यात शेवटचा उपाय आहे. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, चालू होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा होत नाही. तुमच्या फायली सहसा डिस्कवर जशाच्या तशा असतात. बिघडलेल्या असतात त्या बहुधा /बूट मधल्या दोन-तीन फायली, आणि त्या नव्याने तयार करता येतात. घाईघाईत इन्स्टॉलर चालवून चुकीचं पार्टिशन फॉरमॅट केलं, तर मात्र खरं नुकसान होतं.

एक सूचना आधीच: या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. शेल आणि ग्रबच्या आज्ञा लहान अक्षरांत असतात. 'एलएसबीएलके' म्हणजे ती पाच अक्षरं सलग, मध्ये जागा न सोडता.

आधी शेवटची ओळ वाचा

बटण दाबल्यावर आधी फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय किंवा जुनं बायोस, बूटलोडर शोधतं. बूटलोडर बहुधा ग्रब असतो. तो मेमरीत दोन फायली आणतो: कर्नल, म्हणजे व्हीएमलिनझ नावाची फाइल, आणि इनिटरॅमएफएस. कर्नल हार्डवेअर ओळखतो, इनिटरॅमएफएसमधली छोटी साधनं रूट पार्टिशन, म्हणजे मुख्य सिस्टम असलेलं पार्टिशन, शोधून माउंट करतात (वापरासाठी जोडतात), आणि तिथून पुढे बाकीच्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी कारभार हाती घेतं.

यातला इनिटरॅमएफएस नीट समजून घ्या, कारण निम्मी गडबड तिथेच असते. एनव्हीएमई डिस्क, एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी), एन्क्रिप्शन यांचे ड्रायव्हर बऱ्याचदा कर्नलच्या आत नसतात. ते सुट्या मॉड्यूलच्या रूपात रूट पार्टिशनवर /लिब/मॉड्यूल्स मध्ये असतात. पण त्या पार्टिशनपर्यंत पोचायलाच ते ड्रायव्हर हवेत. किल्ली घरात राहिली आणि दार लागलं, तशी ही अडचण आहे. म्हणून गरजेची मॉड्यूल्स आधीच एका फाइलमध्ये बांधून /बूट मध्ये ठेवतात. ही फाइल अर्धवट लिहिली गेली किंवा दुसऱ्याच कर्नलची निघाली, तर कर्नल स्वतः धडधाकट असूनही पुढे जाऊ शकत नाही.

मशीन कुठल्या टप्प्यावर थांबलं ते पडदाच सांगतो.

'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आला तर अजून कर्नलचा संबंधच आलेला नाही. बायोस सेटअपमध्ये डिस्क दिसते का आणि बूट ऑर्डर बरोबर आहे का ते पाहा.

'ग्रब रेस्क्यू>' असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबला स्वतःचीच मॉड्यूल्स सापडत नाहीत. नुसता 'ग्रब>' आला तर मॉड्यूल्स आहेत, पण मेनूची फाइल सापडत नाही.

'बॅड शिम सिग्नेचर' म्हणजे सिक्युअर बूटने (मान्य सही असलेलंच चालू देणारी यूईएफआयची सोय) या कर्नलची सही मानली नाही.

'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' वर पडदा गोठला, तर पुष्कळदा कर्नल चालूच असतो, फक्त ग्राफिक्स ड्रायव्हरने चित्र घालवलेलं असतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते पाहा.

कंसात 'इनिटरॅमएफएस' असा किंवा 'ड्रॅकट' असा प्रॉम्प्ट मिळाला, तर कर्नल ठीक आहे, रूट पार्टिशन सापडलेलं नाही.

'यू आर इन इमर्जन्सी मोड' आलं तर कर्नल आणि इनिटरॅमएफएस दोन्ही बहुधा ठीक आहेत. अशा वेळी पहिला संशय /ईटीसी/एफएसटॅब वर, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं याच्या यादीवर घ्या.

पडद्याचा फोटो काढून ठेवा. रूट पार्टिशन माउंट होण्याआधीच मशीन थांबलं असेल तर डिस्कवर कुठलाच लॉग लिहिलेला नसतो, त्यामुळे नंतर जर्नलसीटीएलमध्ये (लॉग दाखवणारी आज्ञा) शोधून काही मिळत नाही. पॅनिकमध्ये सगळ्यात खालची ओळ फक्त 'थांबलो' एवढंच सांगते. कारण तिच्या वरच्या पाच-दहा ओळींत असतं. पडदा कोरा असून काही लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करत असेल, तर तीही पॅनिकचीच खूण आहे.

जुना कर्नल: पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय

मशीन सुरू होताना बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर एस्केप एकदा दाबा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर थेट 'ग्रब>' प्रॉम्प्टवर जाल. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर दाबलं की मेनूकडे परत जाता येतं. मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. डेबियन आणि उबंटू आधीचा कर्नल ठेवतात, फेडोरा साधारणपणे तीन ठेवते आणि सोबत एक 'रेस्क्यू' नोंदही देते. आर्चमध्ये मात्र अपडेट जुन्या कर्नलच्या जागेवरच नवा लिहितं, त्यामुळे तिथे एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारा) कर्नल शेजारी आधीच टाकून ठेवलेला नसेल तर हा मार्ग मिळत नाही.

फेडोराच्या रेस्क्यू नोंदीचा एक वेगळा उपयोग आहे. तिथला नेहमीचा इनिटरॅमएफएस फक्त त्या मशीनला लागणारे ड्रायव्हर घेऊन बांधलेला असतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली किंवा मदरबोर्ड बदलला तर तो अपुरा पडू शकतो. रेस्क्यू नोंदीत सगळे ड्रायव्हर असतात, म्हणून ती तिथेही चालते.

जुन्या कर्नलने मशीन उठलं, की बघायचं पहिलं:

डीएफ -एच /बूट

वापर शंभर टक्के दिसला तर कारण सापडलं. आज एक इनिटरॅमएफएस सहज ५० ते १५० एमबीचा होतो आणि वेगळं /बूट पार्टिशन कित्येकदा ५१२ एमबीचंच असतं. तीन-चार कर्नल साठले की नवी फाइल अर्ध्यात तुटते. डेबियन-उबंटूवर 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' ने जुने कर्नल काढा. /बूट मधल्या फायली हाताने उडवू नका, पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ता नसतो आणि पुढच्या अपडेटला तो त्यांच्यावरच अडखळतो. 'यूनेम -आर' ने आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते पाहा आणि त्याला हात लावू नका. जागा झाली की नव्या कर्नलचा इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. त्याच्या आज्ञा पुढे लाइव्ह यूएसबीच्या भागात आहेत.

मेनूतली ओळ बदलून बूट करणं

ग्रबच्या मेनूत हवी ती नोंद निवडून 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, बदल करा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून इथे प्रयोग करायला घाबरू नका. फक्त या टप्प्यावर कीबोर्ड सहसा अमेरिकन मांडणीचा असतो, त्यामुळे चिन्हं वेगळ्या कळांवर सापडू शकतात.

सुरुवात 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द काढण्यापासून करा. नुसतं एवढं केलं तरी कर्नल काय बोलतोय ते दिसू लागतं. पडदा काळा पडत असेल तर ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा. त्याने मशीन उठलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे. बहुतेक वेळा बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलंच गेलेलं नसतं. 'डीकेएमएस स्टेटस' कुठल्या कर्नलसाठी ते तयार आहे हे सांगतं.

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड विचारला आणि तो माहीत असेल तर द्या. उबंटूवर रूट खातं मुळातच बंद असतं, त्यामुळे 'रूट अकाउंट इज लॉक्ड' असं सांगून मशीन तिथेच अडून बसतं. अशा वेळी त्याच ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' लिहा. सरळ शेल मिळेल, पण रूट फक्त वाचण्यापुरतं माउंट झालेलं असेल. लिहिण्यासाठी:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

आता /ईटीसी/एफएसटॅब उघडा. काढून टाकलेल्या किंवा नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कची जुनी यूयूआयडी (ओळखक्रमांक) तिथे राहिलेली असते, आणि सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघून हात टेकतं. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. मशीन चालायला गरजेच्या नसलेल्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय असायलाच हवा. काम झाल्यावर 'सिंक' चालवा आणि मग 'रीबूट -एफ'. इथे सिस्टमडी नसल्यामुळे साधं 'रीबूट' चालत नाही.

पॅनिकमधले दोन आकडे

'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' या संदेशाच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात, आणि नवखा माणूस नेमका त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतो. ०,० असेल तर कर्नलला ती डिस्क ओळखताच आलेली नाही: इनिटरॅमएफएस लोड झाला नाही, तो तुटका आहे, किंवा 'रूट=' मध्ये चुकीचा पत्ता आहे. ८,२ असं काही असेल तर साटा किंवा यूएसबी डिस्क दिसली, दुसरं पार्टिशनही दिसलं, पण त्यावरची फाइलसिस्टम वाचता आली नाही. म्हणजे त्या फाइलसिस्टमचं मॉड्यूल नाही किंवा फाइलसिस्टमच बिघडली आहे. पहिल्या प्रकारात इनिटरॅमएफएस पुन्हा बांधायचा, दुसऱ्यात आधी डिस्क तपासायची.

अपडेट केलेलंच नसताना एके दिवशी अचानक रूट सापडेनासं झालं, तर बायोस सेटअप उघडून साटा कंट्रोलरची पद्धत पाहा. मदरबोर्डची बॅटरी संपली की सेटिंग मूळपदावर जातं आणि एएचसीआयच्या जागी रेड येऊ शकतं. तसं झालं की डिस्क दिसेनाशी होऊ शकते, आणि मग कर्नलची कितीही डागडुजी करून उपयोग होत नाही.

लाइव्ह यूएसबीवरून दुरुस्ती

वरचं काही लागू पडलं नाही तर हा मार्ग. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. शक्यतो तुमच्याच डिस्ट्रोची लाइव्ह प्रतिमा घ्या. बूट करताना तुमचं इन्स्टॉलेशन ज्या पद्धतीत आहे त्याच पद्धतीत, यूईएफआय किंवा जुनं बायोस, बूट करा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी दिसली तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. पुढच्या सगळ्या आज्ञा रूट म्हणून द्यायच्या.

१. पार्टिशन ओळखा:

एलएसबीएलके -एफ

फाइलसिस्टम आणि यूयूआयडी लिहून घ्या; आकार नुसत्या 'एलएसबीएलके' ने दिसतो. शे-पाचशे एमबीचं फॅट३२ पार्टिशन म्हणजे ईएसपी, यूईएफआय जिथे बूटलोडर शोधतं ते. खालच्या उदाहरणात ते एसडीए१ आहे आणि रूट एसडीए२. तुमच्याकडे एनव्हीएमई०एन१पी२ असं काही असू शकतं. उदाहरणातली नावं तशीच टाकू नका.

२. डिस्कची तब्येत पाहा. 'स्मार्टसीटीएल -ए' आणि पुढे डिस्कचं नाव. साटा डिस्कवर 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याहून जास्त असेल किंवा डीमेसगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) आय/ओ एररच्या रांगा असतील, तर दुरुस्ती थांबवा आणि आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टम दुरुस्त करणारी आज्ञा, चालवलं तर आहे तेही हाताबाहेर जाऊ शकतं.

डिस्क ठीक असेल तर फाइलसिस्टम तपासा, पण माउंट करण्याआधी. एक्सट४ साठी 'ई२एफएससीके -एफ', एक्सएफएस साठी 'एक्सएफएस_रिपेअर'. बीटीआरएफएसवर 'चेक' ला '--रिपेअर' जोडू नका, तो जाणकाराच्या सल्ल्याने करायचा शेवटचा उपाय आहे.

३. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर 'क्रिप्टसेटअप ओपन', पार्टिशनचं नाव आणि एक टोपणनाव. हे टोपणनाव तुमच्या सिस्टममधल्या /ईटीसी/क्रिप्टटॅब मध्ये आहे तेच द्या. वेगळं दिलं तर नवा इनिटरॅमएफएस बांधताना एन्क्रिप्शनची माहिती गळू शकते, आणि मशीन पुन्हा तिथेच अडकतं. एलव्हीएम असेल तर त्यानंतर 'व्हीजीचेंज -एवाय'.

४. माउंट करा:

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

/बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते या दोन्हींच्या मध्ये माउंट करायला विसरू नका. कोणतं पार्टिशन कुठे बसतं ते /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब सांगते. बीटीआरएफएसवर /एमएनटी मध्ये नेहमीच्या डिरेक्टरी न दिसता एक-दोन वेगळीच नावं दिसली, तर रूट सबव्हॉल्यूममध्ये आहे: उबंटूवर 'सबव्हॉल=@', फेडोरावर 'सबव्हॉल=रूट' हा पर्याय देऊन पुन्हा माउंट करा.

५. चालू सिस्टमच्या आभासी डिरेक्टरी जोडा आणि 'सीएचरूट' ने डिस्कवरच्या तुमच्या सिस्टमच्या आत शिरा:

माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --बाइंड /डेव्ह/पीटीएस /एमएनटी/डेव्ह/पीटीएस
माउंट --बाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
माउंट --बाइंड /सिस /एमएनटी/सिस
माउंट --बाइंड /रन /एमएनटी/रन
सीएचरूट /एमएनटी /बिन/बॅश

आर्चच्या लाइव्ह प्रतिमेवर 'आर्च-सीएचरूट /एमएनटी' या एका आज्ञेत हे सगळं होतं.

६. दुरुस्तीआधी बघा. 'एलएस -एल /बूट' आणि 'एलएस /लिब/मॉड्यूल्स' या दोन यादी शेजारी-शेजारी ठेवा. आवृत्तीचा आकडा तीन जागी अक्षरशः तोच हवा: व्हीएमलिनझ फाइलच्या नावात, इनिटरॅमएफएसच्या नावात आणि /लिब/मॉड्यूल्स मधल्या डिरेक्टरीच्या नावात. समजा व्हीएमलिनझ ६.१.०-२८ चा आहे, मॉड्यूल्सची डिरेक्टरीही ६.१.०-२८ ची आहे, पण इनिटआरडी फक्त ६.१.०-२५ चा आहे, किंवा २८ चा असून त्याचा आकार शून्य बाइट आहे. मग पॅनिकमध्ये ०,० का आलं ते तिथेच कळतं.

याचाच एक फसवा प्रकार आर्चवर दिसतो, कारण तिथे फाइलच्या नावात आवृत्ती नसते. /बूट माउंट नसताना अपडेट झालं की नवा कर्नल रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या /बूट डिरेक्टरीत जाऊन पडतो, आणि ग्रब मात्र खऱ्या /बूट पार्टिशनवरचा जुना कर्नल उचलतो. त्याची मॉड्यूल्स अपडेटने काढून टाकलेली असतात. कर्नल उठतो, रूटही माउंट होतं, पण नेटवर्क, यूएसबी, फॅट काहीच चालत नाही. खरं /बूट माउंट करून कर्नलचं पॅकेज पुन्हा टाकलं की सुटतं.

७. आता दुरुस्ती. अपडेट अर्ध्यात तुटलं असेल तर डेबियन-उबंटूवर आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि 'एपीटी -एफ इन्स्टॉल'. मग:

एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-इमेज-(आवृत्ती)
अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
अपडेट-ग्रब

शून्य बाइटची किंवा गायब फाइल असेल तर '-यू' च्या जागी '-सी' आणि 'ऑल' च्या जागी नेमकी आवृत्ती द्या.

फेडोरा आणि तिच्या कुळातल्या डिस्ट्रोंवर:

डीएनएफ रीइन्स्टॉल कर्नल-कोर
ड्रॅकट --फोर्स --रीजनरेट-ऑल
ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी

ईएसपीवरही ग्रबची एक छोटी फाइल असते, ती फक्त मुख्य फाइलकडे बोट दाखवते. तिच्यावर लिहू नका. सीएचरूटमध्ये /ईटीसी मधल्या फायली बदलल्या असतील तर 'टच /.ऑटोरीलेबल' करा, नाहीतर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा पुढच्या बूटला लॉगिन अडवू शकतं. आर्चवर 'पॅकमॅन -एस लिनक्स' आणि 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' (एस आणि शेवटचा पी मोठे).

इथला नेहमीचा सापळा: सीएचरूटच्या आत 'यूनेम -आर' पेनड्राइव्हवरच्या कर्नलची आवृत्ती दाखवतं, तुमच्या डिस्कवरच्या नाही. 'ड्रॅकट --फोर्स' आवृत्ती न देता चालवलं तर ते तीच आवृत्ती धरून बसतं. म्हणून आवृत्ती नेहमी /लिब/मॉड्यूल्स मधून घ्या.

८. ग्रबच गेला असेल तर बायोस पद्धतीत 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए'; इथे पार्टिशनचा आकडा नको, पूर्ण डिस्क द्यायची. यूईएफआयवर उबंटू-डेबियनमध्ये नुसतं 'ग्रब-इन्स्टॉल'; 'ईएफआय व्हेरिएबल्स' बद्दल तक्रार आली तर आधी:

माउंट -टी ईएफआयव्हार्सएफएस ईएफआयव्हार्सएफएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स

यूईएफआय फेडोरावर ग्रब-इन्स्टॉल वापरू नका, शिम (सिक्युअर बूटसाठीचा छोटा लोडर) आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजेस रीइन्स्टॉल करा. सिक्युअर बूटची सही तशीच राहते.

९. 'एक्झिट', मग 'यूमाउंट -आर /एमएनटी' (आर मोठा), पेनड्राइव्ह काढा आणि रीबूट करा.

ग्रब रेस्क्यूमधून हाताने बूट

पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर 'एलएस' देऊन पार्टिशनांची यादी घ्या आणि एकेकाच्या आत डोकवा: 'एलएस (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब'. फायली दिसल्या ते आपलं पार्टिशन. मग:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन एकपासून. मेनू आला नाही तर 'ग्रब>' वर 'लिनक्स' आणि कर्नलचा मार्ग, त्याच ओळीत 'रूट=/डेव्ह/एसडीए२ आरओ', पुढच्या ओळीत 'इनिटआरडी' आणि त्याच आवृत्तीची फाइल, शेवटी 'बूट'. 'ग्रब>' वर टॅब दाबलं की फाइलची नावं आपोआप पूर्ण होतात. 'रेस्क्यू' मध्ये ती सोय नाही.

फ्रीबीएसडी असेल तर

तिथे काम सोपं आहे. नवा कर्नल बसवताना जुना /बूट/कर्नल.ओल्ड मध्ये जातो. लोडरच्या मेनूतून प्रॉम्प्टवर या, 'अनलोड' द्या, मग 'बूट कर्नल.ओल्ड'. झेडएफएसवर बूट एन्व्हायर्नमेंट ठेवले असतील तर त्याच मेनूतून आधीचं निवडता येतं. अपडेटआधी 'बीईसीटीएल क्रिएट' ने एक तयार करायला काही सेकंदच लागतात.

दूरच्या सर्व्हरवर कर्नल बदलताना

समोर पडदा-कीबोर्ड नसतील तर नवा कर्नल एकदाच आजमावून बघण्याची व्यवस्था आधी करा. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये 'ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड' ठेवा (ही नावं मोठ्या अक्षरांत, 'सेव्ह्ड' लहान), कर्नलच्या पर्यायांत 'पॅनिक=३०' जोडा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. 'ग्रब-सेट-डीफॉल्ट' ने जुना, चालणारा कर्नल कायमचा म्हणून ठरवा आणि 'ग्रब-रीबूट' ने नवा फक्त पुढच्या खेपेपुरता. नव्याने पॅनिक केलं तर ३० सेकंदांनी मशीन स्वतःहून रीबूट होतं आणि जुन्यावर परत येतं. एक अट: ग्रबला त्याची नोंदवही, ग्रबईएनव्ही फाइल, लिहिता आली पाहिजे. /बूट एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ती त्याला लिहिता येत नाही, आणि मशीन पुन्हा पुन्हा नव्या कर्नलवरच आपटत राहतं. तिथे /बूट साठी वेगळं एक्सट४ पार्टिशन ठेवा, १ जीबीचं.